भावाला सांगू का, की तेव्हा मी त्याला ओळखलं होतं?

शेंडेफळ:

कित्येक वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. नावगाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

आम्ही दोनच भावंडं. दादा माझ्यापेक्षा ५ वर्षांनी मोठा, मी आता ४१. बाबांचा धंदा बुडाला आणि एक दिवस ते घरातून निघून गेले ते गेलेच. तेव्हा मी १५ वर्षांची, दादा २० चा. त्या वर्षापासून माझी शाळा, फी, वह्या सगळं दादाने बघितलं. शर्टाच्या बाह्यासुद्धा त्यानेच दुमडायला शिकवल्या. सगळे बाहेरच्या बाजूला दुमडतात, आमचा दादा आतल्या बाजूला दुमडायचा, म्हणजे झिजलेली कड दिसत नाही. ही बाहीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं लग्न झालं, मी लांब गेले. आई ६ वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती दादाने एकट्याने काढली. वहिनी त्याच काळात सोडून गेली. मी वर्षातून दोनदा जायची, चार दिवस राहायची आणि औषधांचे डबे ओळीने लावून ठेवायची, जणू तेवढंच करायचं बाकी राहिलं होतं.

आई गेली आणि दोन महिन्यांत घर गेलं. मला कळलं ते शेजाऱ्यांकडून. मी फोन करून जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मी मऊ करून लिहिलं तर तुमची उत्तरंही मऊ येतील. मी म्हणाले, "आईच्या जिवावर जगलास, आता घरही गिळलंस." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. त्याला आता ११ वर्षं झाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलंय. आधी एका मित्राकडे राहिला, मग दुसऱ्याकडे, मग कामाच्या ठिकाणी मागच्या सामानाच्या खोलीत. ते काम सुटलं तशी ती खोलीही सुटली. त्यानंतर रस्ता. सलग नाही, मध्ये मध्ये रात्रनिवारा, पण एकूण पाचेक वर्षं.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

६ वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी एका दुसऱ्या शहरात गेले होते. संध्याकाळी आम्ही दोघीतिघी पुलाखालून चालत निघालो होतो. खांबाला टेकून एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, शेजारी चौकटीची मोठी पिशवी. चेहरा मी पाहिलाच नाही. मी बाही पाहिली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला दुमडलेली.

मी चालत राहिले. नुसती चालत राहिले नाही, पाय उचलले. वळणावर मागे पाहिलं तर तो खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. रात्री खोलीवर आल्यावर स्वतःची समजूत घातली की असे बाह्या दुमडणारे शंभर असतील. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्या पुलाखाली गेले, तर तिथे फक्त एक पुठ्ठा अंथरलेला होता. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही.

८ महिन्यांपूर्वी एका संस्थेच्या कार्यकर्तीचा फोन आला. "तुमचे भाऊ आमच्या संपर्कात आहेत. त्यांना विचारूनच फोन करतेय. भेटायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही म्हणालात तर तुमचा पत्ता त्यांना देणार नाही." आता त्याला एक खोली मिळाली आहे, स्वतःच्या किल्लीची. आम्ही चारदा भेटलो. पहिल्यांदा बागेत बाकावर, पाऊण तास, आणि तेवढा सगळा वेळ आम्ही कुठली बस कुठून कुठे जाते यावर बोललो. त्याला सगळे मार्ग तोंडपाठ आहेत. उठताना म्हणाला, "डावा कान अजून ठणकतो का गं थंडीत?" मी नववीत असतानाचं दुखणं. माझ्या नवऱ्यालाही माझा कुठला कान दुखायचा ते माहीत नसेल.

मागच्या महिन्यात त्याला रात्री राहायला बोलावलं. मुलीच्या खोलीत गादी घातली, नवी चादर, दोन उशा. रात्री १ वाजता पाणी प्यायला उठले तर हा मुख्य दाराशी फरशीवर आडवा. पायात बूट, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. मी काही न बोलता परत गेले. पहाटे ४ च्या सुमारास कडीचा आवाज आला. सकाळी पाहिलं तर गादीवरची चादर चौकोनी घडी करून ठेवलेली. बहुतेक त्यावर तो टेकलाही नव्हता. मुलगी १२ वर्षांची आहे, तिने विचारलं, "मामा पळून का गेला?" नवरा काही बोलला नाही, पण दाराची कडी दोनदा तपासून पाहिली.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, त्या रात्री माझं काय चुकलं? दुसरा खरा आहे. दादा प्रत्येक भेटीत एकदा तरी म्हणतो, "तुला कुठे माहीत होतं. माहीत असतं तर तू आलीच असतीस." आणि मी मान डोलावते. चारही वेळा डोलावली. त्याला सांगू का?


मधली:

सांगू नकोस. निदान आत्ता तरी नको.

मी आणि माझी मोठी बहीण ९ वर्षं बोलत नव्हतो. ती एका वाईट लग्नातून मुलाला घेऊन बाहेर पडली तेव्हा माझ्याकडे आली होती, आणि मी "नवऱ्याला विचारून सांगते" म्हणाले. बस्स, एवढंच म्हणाले. तिने पुढचे ७ महिने कुणाकुणाच्या घरी, कोपऱ्यात, पाहुणी म्हणून काढले. ती कधी रस्त्यावर झोपली नाही, म्हणून तिला कुणी बेघर म्हटलं नाही. पण घर नव्हतंच ना.

परत भेटलो तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत मी सगळं ओकून मोकळी झाले. मी कशी चुकले, मला किती रात्री झोप लागली नाही, मी किती नालायक आहे. मी हुंदके देतेय आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवतेय. माफी मागायला गेले आणि सांत्वन घेऊन आले. नंतर वर्षभर तिने माझा फोन उचलला नाही. पुढे कधीतरी म्हणाली, "त्या दिवशी पण तुलाच सांभाळलं मी."

तेव्हा सांगायच्या आधी स्वतःला एकदा विचार, हे त्याच्यासाठी आहे की तुझी झोप परत यावी म्हणून?


रोखठोक:

सगळे भावनेच्या भरात लिहिताहेत म्हणून मी जरा कडू बोलतो. घराचं काय झालं? ११ वर्षांपूर्वी तुम्ही ज्यावरून भांडलात तो विषय तसाच आहे. त्याचा हिशोब झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पाच वर्षांनी तेच भांडण परत उकरून निघेल. आणि घरात लहान मुलगी आहे. भाऊ असला तरी इतकी वर्षं तो कुठे होता, कुणासोबत होता, तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या यजमानांनी कडी तपासली तर त्यात चूक काय?


शेंडेफळ:

@रोखठोक, कडी तपासली म्हणून मी नवऱ्याला दोष दिलेला नाही. मीही तपासली असती. त्याने आधी तपासली एवढंच.

घराचा हिशोब झालाय, फक्त माझ्या एकटीपुरता. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या नातेवाइकांनी बोलण्याच्या ओघात सांगितलं की बाबांच्या कर्जाला दादा जामीन होता. विसाव्या वर्षी सही केली होती त्याने, बाबांनी पुढे केलेल्या कागदावर. १४-१५ वर्षं तो ते हप्ते फेडत होता, आईच्या आजारपणात थकले, आणि आई असेपर्यंत घर जाऊ नये म्हणून त्याने कुठून कुठून उसनं आणून दिवस ढकलले. म्हणजे मी ज्याला "गिळलंस" म्हणाले त्याने ते घर उलट दातात धरून ठेवलं होतं. हेही त्याच्याशी अजून बोललेले नाही. यादी वाढतच चाललीये.

@मधली, तुझं वाचून पोटात खड्डा पडला. मी आरशासमोर सांगण्याची तालीम केली होती, आणि त्या तालमीत मी रडत होते. खोटं कशाला बोलू.


मधली:

@रोखठोक, हिशोब आधी, हे मलाही पटायचं. मग एक वाचलं. कॉर्नेल विद्यापीठातले कार्ल पिलेमर यांनी अमेरिकेत अशा तुटलेल्या नात्यांचा अभ्यास केला, २०२० मध्ये तो पुस्तकरूपाने आला. १,३४० लोकांच्या पाहणीत २७ टक्क्यांनी सांगितलं की घरातल्या कुणाशी तरी आपला संबंध तुटलाय. म्हणजे चौघांत एक. मला वाटायचं आमचंच घर तेवढं नासकं. पण मला उपयोग झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. ज्यांचं परत जुळलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी "मागे जे घडलं ते माझ्या बाजूने मान्य कर" हा हट्ट सोडून दिला होता. समोरच्याने माझी गोष्ट खरी मानली नाही तरी चालेल, पुढच्या गुरुवारी भेटू या, असं. माझ्या बहिणीला आजही वाटतं की मी त्या दिवशी दार लावून घेतलं. मला आठवतं की दार उघडंच होतं आणि ती निघून गेली. आम्ही दोघी आता दाराबद्दल बोलत नाही.


रात्रपाळी:

मी ९ वर्षं रात्रनिवाऱ्यात कामाला आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर बोलते. त्या रात्री तुमचं काही चुकलं नाही, आणि त्यांचंही नाही.

बाहेर झोपणाऱ्याचं पहिल्यांदा काय चोरीला जातं? बूट. मग पिशवी, आणि पिशवीत कागदपत्रं. कागदपत्रं गेली की नवी काढायला पत्ता लागतो, आणि पत्ताच नसतो. या चक्रात माणसं वर्षानुवर्षं फिरतात. म्हणून बूट पायात आणि पट्टा मनगटाला. आमच्याकडे गाद्या असतात, दाराला माणूस असतो, तरी नवा आलेला पहिले कित्येक आठवडे बूट काढत नाही. आम्ही काढायला सांगतही नाही. ज्या दिवशी बूट पलंगाखाली दिसतात त्या दिवशी आम्ही एकमेकींना खुणेने दाखवतो.

दाराशी झोपणं तेच. पाठ भिंतीला हवी, आणि निघायची वाट डोळ्यांसमोर. पहाटे ४ चंही तसंच. बाहेर असताना लोकांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, कुणी उठवायच्या आत आपणच उठून जायचं असतं. शरीराला ते घड्याळ लागलेलं असतं, खोलीची किल्ली मिळाली म्हणून ते लगेच बदलत नाही. बरेच जण रात्री जागतात आणि दिवसा झोपतात, कारण दिवसा लोकांच्या नजरेत असलेलं बरं. आणि तुम्हीआम्ही तरी नव्या जागी कुठे नीट झोपतो? २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो, पहाऱ्यावर असल्यासारखा. साध्यासुध्या माणसाचं हे. तुमच्या दादाने पाच वर्षं रोजच पहिली रात्र काढली आहे.

चादरीच्या घडीचं म्हणाल तर मी ती अशी वाचते: मी तुमचं काही वापरलं नाही, माझं काही देणं नाही. आमच्याकडेही खूप जण अशी घडी घालून जातात. पण ते ४ वाजेपर्यंत थांबले, हे विसरू नका. १ वाजताच जाऊ शकले असते.

पुढच्या वेळी रात्री नको, दुपारी बोलवा. आत आल्या आल्या कडी कशी उघडते ते दाखवा, सहज, पाहुण्याला दिव्याचं बटण दाखवतो तसं. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका. मुलीला सांगा, मामा पळून गेला नाही, मामाला अजून आतमध्ये झोपायची सवय होतेय. मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही त्यांच्या खोलीवर जा. चार भेटी झाल्या, तुम्ही तिकडे गेलात असं तुमच्या लिहिण्यात कुठे नाही. त्यांना एकदा यजमान होऊ द्या.

ती किल्ली साधी गोष्ट नाही. पूर्वी बहुतेक ठिकाणी उलटी रीत होती, आधी व्यसन सोडा, औषधं घ्या, नीट वागून दाखवा, मग घराचं बघू. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते फिरवलं. आधी घर, अटी नाहीत, बाकीची मदत मागून आणि हवी असेल तर. खूप माणसं त्यात टिकून राहिली, म्हणून आता अनेक देशांत तसं करतात. तुमच्या भावाची खोली कुठल्या पद्धतीची ते मला माहीत नाही. पण बहिणीने तरी आधी अट आणि मग घर, असं करू नये. (पैसे मागितले आणि द्यायचे नसतील तर सरळ नाही म्हणा. नाही म्हणणं म्हणजे अट नव्हे. दोन्हींत गल्लत होते.)

त्या कार्यकर्तीने दोन्ही बाजूंची परवानगी पाळली, तेही छान केलं. हरवलेली माणसं शोधायचं काम साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने १८८५ मध्ये लंडनला सुरू केलं, आजही करतात, आणि माणूस सापडला तरी त्याच्या परवानगीशिवाय पत्ता कुणाला देत नाहीत. काही माणसांना सापडायचं नसतं. तुमच्या दादाला सापडायचं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त मान डोलावणं थांबवा. "माहीत असतं तर आलीच असतीस" हे वाक्य दार उघडण्यासाठी आहे की लावण्यासाठी, ते त्यांनाच ठाऊक. तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल, पण हो म्हणू नका. प्रत्येक होकार तुम्हाला नंतर परत घ्यावा लागेल.


जुना पत्ता:

मी पुलाखालून आलेलो आहे. ३ वर्षं, त्यातले दोन पावसाळे. आता १० वर्षं झाली, काम आहे, भाड्याचं घर आहे. इथे हे पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा कुणी शाबासकी देऊ नका.

ताई, एक गोष्ट बसलेल्या माणसालाच माहीत असते. तुम्ही आम्हाला ओळखायच्या आधी आम्ही तुम्हाला ओळखतो. तुम्ही चालताना समोर बघता, फोनमध्ये बघता. आम्हाला दिवसभर दुसरं काम काय? येणाऱ्याचे पाय दिसतात, चाल दिसते. माझा चुलतभाऊ दोनदा माझ्यासमोरून गेला. त्याच्या चालीवरून मी त्याला रस्त्याच्या पलीकडून ओळखलं, कारण लहानपणी त्याचा गुडघा मोडला होता तेव्हा सायकलवरून मीच त्याला आणला होता. दोन्ही वेळा मी मान खाली घातली. शरमेने घातली का? पहिल्यांदा हो. दुसऱ्यांदा मी ती घातली त्याला सुटका मिळावी म्हणून. त्याच्याबरोबर बायको होती. त्याने मला ओळखलं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं, आणि काय करावं हे त्याला कळलं नसतं. मलाही कळलं नसतं. नवीन चप्पल घालून एक माणूस उभा, समोर मी, आणि दोघांत बोलायला काय, तर "कसा आहेस".

तुम्ही वळणावर मागे पाहिलंत तेव्हा तो बुटांकडे बघत होता, असं लिहिलंय. बुटांकडे तासन्‌तास बघण्यासारखं काही नसतं हो.

त्याला माहीत आहे असं मी म्हणत नाही, मला कसं कळणार. पण माहीत असेल तर तो दर भेटीत तुम्हाला पळवाट उघडून देतोय, आणि तुम्ही दर वेळी तिच्यातून जाताय. किती दिवस चालेल?

सांगा. पण मधलीताई म्हणतात तसं ओकू नका. तीन वाक्यांत सांगा. समोरासमोर बसून नको, चालताना सांगा, शेजारी शेजारी. आमच्यासारख्यांना समोरून रोखलेली नजर नको वाटते. रडू आलं तर घरी जाऊन रडा. "माफ कर" म्हणू नका, कारण मग त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि "तू फोन का नाही केलास" हे जन्मात विचारू नका. पहिल्या वर्षी फोन असतो तेव्हा आपण "बरं चाललंय" सांगत राहतो. मग फोन जातो, त्याच्यासोबत नंबर जातात. आणि नंबर पाठ असला तरी सांगायला काही राहिलेलं नसतं.

माझी बहीण मला शोधत आली तेव्हा तिने एकच केलं. माझ्याशेजारी पुठ्ठ्यावर बसली, ऑफिसच्या कपड्यांत, बराच वेळ. मग म्हणाली, "इथे वारा छान येतो." अजून मला त्या वाक्याचा राग येतो आणि हसूही येतं.


रोखठोक:

माझा वरचा प्रतिसाद जामिनाचं कळायच्या आधीचा होता. मुलीबद्दलचं मी मागे घेत नाही, हिशोबाचं घेतो.


शेंडेफळ:

तीन आठवडे झाले. इथे येऊन वाचत होते, लिहायला हात उचलत नव्हता.

गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी दादाच्या खोलीवर गेले. @रात्रपाळी, तुम्ही म्हणालात ते खरं, मी एकदाही गेले नव्हते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एक खिडकी, एक पलंग, एकच खुर्ची. खुर्ची त्याने मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकला, पाहुण्यासारखा. मी आल्यावर त्याने दार लावलं, किल्ली फिरवली, मग माझ्याकडे बघून परत फिरवून उघडी ठेवली. माझ्यासाठी. मला ते कळलं आणि काय बोलावं सुचेना. पलंगाखाली बूट होते, जोडीने, टाचा भिंतीकडे. तुम्हाला सांगायचं म्हणून मुद्दाम पाहिलं.

निघताना तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. चालताना त्याने ते वाक्य म्हटलं. "तुला कुठे माहीत होतं."

मी म्हणाले, "दादा, मला माहीत होतं. त्या पुलाखाली मी तुला बाहीवरून ओळखलं होतं. आणि मी थांबले नाही."

तीनच वाक्यं. मोजून ठेवली होती. त्याच्या पावलांचा वेग बदलला नाही. आम्ही एक अख्खा रस्ता ओलांडला, सिग्नलला उभे राहिलो, परत चालायला लागलो. मग म्हणाला, "तुझ्याबरोबर ती उंच बाई कोण होती?"

मी म्हटलं, ऑफिसातली.

"चांगली वाटली. तुझी ओढणी खाली लोळत होती, तिने उचलून तुझ्या खांद्यावर टाकली."

मला ओढणीचं काहीच आठवत नाही. कुठला रंग होता तेही नाही. ६ वर्षं त्याच्याकडे हे होतं.

मग मला घराबद्दलही बोलायचं होतं, जामिनाचं, त्या फोनचं. "दादा, ते घराचं" एवढं म्हणाले तर तो म्हणाला, "बस आली." खरोखरच आली होती. चढले. खिडकीतून पाहिलं तर तो मला हात करत नव्हता, बसचा नंबर बघत होता.

त्यानंतर ९ दिवस फोन नाही. मीही केला नाही, रोज तो हातात धरायची आणि ठेवायची. नवऱ्याला सगळं सांगितलं, पुलाचंही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी गेलो असतो परत." गेला असता की नाही माहीत नाही. पण बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही.

काल रात्री दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विषय. "या रविवारी येणार असशील तर सांगतो, ती बस रविवारी वीस मिनिटं उशिरा असते. तेवढं धरून नीघ. आणि कान झाकून ये, थांब्यावर वारं असतं."